घरी वाईन सेलर घेण्याआधी मे महिन्याचा विचार करा

नव्या फ्लॅटच्या जाहिरातींत, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, काचेच्या दाराचं एक अरुंद कपाट हल्ली दिसू लागलंय. आत मंद दिवा आणि आडव्या ठेवलेल्या बाटल्या. ऑनलाइन दुकानांतही हेच कपाट नाना रूपांत मिळतं आणि त्याच्याखाली शब्दांची रांग असते: थर्मोइलेक्ट्रिक, ड्युअल झोन, क्लायमेट क्लास एन, यूव्ही ग्लास. घरी चार चांगल्या बाटल्या जमलेल्या माणसाला यातलं आपल्या कामाचं काय, हे कळायला मार्ग नसतो. दुकानात विचारलं तर किती बाटल्या मावतात आणि रंग कोणते आहेत, एवढंच उत्तर मिळतं.

कोणी याला वाईन कूलर म्हणतं, कोणी वाईन फ्रिज, कोणी सेलर. मी पुढे सेलर म्हणेन, आणि त्याचा अर्थ इतकाच: वाईनच्या बंद बाटल्या वर्षभर एकाच थंडाव्यात, अंधारात आणि शांतपणे ठेवणारं कपाट. फळ्या लाकडी की तारेच्या, दिवा निळा की पिवळा, हे सगळं नंतर. आपल्या हवेत पहिला प्रश्न असा विचारायला हवा: मे महिन्यात दुपारी खोली तापलेली असताना हे यंत्र आत वाईनला मानवणारे १३ अंश धरून ठेवेल का? बाजारातली बरीच स्वस्त कपाटं या प्रश्नावरच बाद होतात.

बंद बाटलीत बिघडतं तरी काय?

बाटली बंद झाली म्हणजे वाईन तयार होऊन थांबली, असं नसतं. आतली आम्लं, अल्कोहोल, रंगद्रव्यं आणि द्राक्षाच्या सालीतून आलेलं तुरट टॅनिन यांच्यात संथपणे रासायनिक क्रिया चालूच असतात. चांगल्या रेड वाईनचा तुरटपणा काही वर्षांत मऊ होतो तो यामुळेच. या क्रियांचा वेग ठरतो तापमानावर. तापमान १० अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातला ढोबळ ठोकताळा. म्हणजे १३ अंशांऐवजी ३३ अंशांत ठेवलेली बाटली चौपट वेगाने म्हातारी होते.

बरं, नुसती लवकर म्हातारी झाली असती तरी चाललं असतं. पण सगळ्या क्रिया सारख्याच पटीने वेग घेत नाहीत. उष्णतेत ताज्या फळाचा वास आधी जातो, मग शिजवलेल्या मनुकांसारखा जड वास येऊ लागतो, व्हाईट वाईन पिवळट-तपकिरी होत जाते. वाईनच्या व्यवहारातली माणसं अशा बाटलीला 'शिजलेली' म्हणतात. शिजलेली वाईन पुन्हा थंड केली तरी सुधारत नाही.

दुसरी गोष्ट फुगण्याची. ७५० मिलिलिटर वाईन १५ अंशांवरून ४० अंशांवर गेली तर पाच-सहा मिलिलिटरने फुगते. बुचाखालची मोकळी जागा जवळपास तेवढीच असते. दाब वाढतो, बूच किंचित वर सरकतं, कधी कडेने वाईन पाझरते. रात्री गारवा आला की वाईन आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. हे रोज घडू लागलं की प्राणवायू आपलं काम करतो. म्हणून जाणकार थंडाव्याइतकाच भर तापमान स्थिर ठेवण्यावर देतात. सतत १७ अंश परवडले, पण दिवसा २५ आणि रात्री १२ अशी ये-जा नको.

उजेडाचाही त्रास होतो. सूर्यप्रकाशातले आणि काही ट्यूबलाइटमधले अतिनील (यूव्ही) किरण वाईनमधल्या रिबोफ्लेविनवर, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वावर, काम करतात आणि गंधकाची दुर्गंधी देणारी संयुगं तयार होतात. पारदर्शक बाटलीतल्या रोझे, म्हणजे गुलाबी, आणि व्हाईट वाईनना हा धोका सर्वांत जास्त. गडद हिरवी किंवा तपकिरी काच बरीच राखण करते.

थंडी आणि अंधार एवढंच मिळालं तर वाईन किती टिकू शकते, याचं एक थक्क करणारं उदाहरण आहे. २०१० मध्ये फिनलंडच्या ओलांड बेटांजवळ, बाल्टिक समुद्रात सुमारे ५० मीटर खोल बुडालेल्या जहाजात शँपेनच्या १६८ बाटल्या सापडल्या. त्या साधारण १७० वर्षं पाण्याखाली होत्या. तिथलं पाणी दोन ते चार अंशांचं आणि उजेड जवळजवळ नाहीच. त्यातल्या काही बाटल्या उघडल्या तेव्हा आतली शँपेन पिण्याजोगी होती. कुठलंही यंत्र नसताना.

मग घराखाली तळघर खणलं तर?

हा प्रश्न बंगला बांधणारी माणसं हमखास विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. युरोपात शतकानुशतकं वाईन तळघरांतच ठेवली गेली. फ्रान्समधल्या शँपेन प्रांतात रँस शहराखाली खडूच्या दगडातले प्रचंड बोगदे आहेत, आत वर्षभर १० ते १२ अंश तापमान असतं. तिथले द्राक्षमळे, वाईनघराणी आणि ही तळघरं मिळून २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

पण जमिनीखालचा गारवा येतो कुठून? काही मीटर खोल गेलं की उन्हाळा-हिवाळ्याचा फरक पुसला जातो आणि माती त्या ठिकाणच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाशी येऊन स्थिरावते. उत्तर फ्रान्सची वार्षिक सरासरी ११-१२ अंशांच्या आसपास, म्हणून तिथलं तळघर तेवढं. पुण्या-नाशिकची सरासरी २५ च्या आसपास, मुंबई आणि नागपूरची २७ च्या. म्हणजे नागपुरात कितीही खोल खणलं तरी माती सत्तावीस अंशांचाच गारवा देईल. जुन्या वाड्यातलं बळद किंवा तळघर आपल्याला गार वाटतं, कारण बाहेर चाळीस असतं. वाईनसाठी तो गारवा पुरत नाही. आपल्याकडे सेलर म्हणजे वीज खाणारं यंत्रच, हे मान्य करून पुढे जायला हवं.

आमच्या नाशिककडच्या वाईनरींना ही गोष्ट पहिल्या दिवसापासून माहीत आहे. एप्रिलमध्ये वेलींची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ धरण्यासाठीची गोडी छाटणी आणि वाईनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च. युरोपात काढणीनंतर हिवाळा येतो, आपल्याकडे उन्हाळा. त्यामुळे दिंडोरी असो की अकलूज, रस आंबवायच्या स्टीलच्या टाक्यांना थंड पाण्याचं आवरण लागतं, लाकडी पिंपांच्या खोलीत वातानुकूलन लागतं. बाटलीत भरेपर्यंत ती वाईन अशी जपलेली असते. आपण ती घरी आणून फ्रिजच्या डोक्यावर ठेवतो, जिथे कॉम्प्रेसरची ऊब अहोरात्र वर येत असते. मला हे मनापासून खटकतं.

साधा फ्रिज काय वाईट?

थोड्या दिवसांसाठी अजिबात वाईट नाही. मे महिन्यात स्वयंपाकघरातल्या माळ्यापेक्षा भाजीचा खालचा कप्पा शंभरपट बरा. महिना-दोन महिन्यांत प्यायची बाटली बिनदिक्कत तिथे ठेवा.

वर्षभर ठेवायचं म्हटलं की अडचण येते. घरातल्या फ्रिजमध्ये चार अंशांच्या आसपास तापमान असतं, त्यामुळे वाईन मुरण्याची क्रिया जवळपास थांबते. शिवाय फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आतली हवा सतत कोरडी करत राहतो. लाकडी बुचाचा बाहेरचा भाग महिनोन्‌महिने कोरड्या हवेत राहिला तर आकसू शकतो. दार दिवसातून कितीदा उघडतं याची तर गणतीच नको. आणि लसूण-कांद्याच्या वाटणाशेजारी चांगली बाटली वर्षभर ठेवणं काही बरं नव्हे.

मुळात तुम्हाला सेलर लागतं का?

बहुतेकांना लागत नाही. विकणारे हे सांगणार नाहीत, म्हणून इथे स्पष्ट लिहितो.

जगात बनणाऱ्या वाईनपैकी बहुतांश वाईन वर्ष-दोन वर्षांत प्यायसाठीच बनवलेली असते. आपल्या शेनँ ब्लाँ, सोव्हिन्यॉं ब्लाँ या व्हाईट आणि रोझे ताज्या असतानाच छान लागतात, त्या मुरवत ठेवून काही मिळत नाही, उलट जातं. ओकच्या पिंपात राहिलेल्या शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्यॉं यांच्या वरच्या श्रेणीतल्या रेड वाईन मात्र काही वर्षं ठेवल्या तर बहरतात. त्याखेरीज परदेशातून आणलेली बोर्दो, बरोलो, रियोहा अशी मुरणारी रेड असेल, मुलाच्या जन्मवर्षाची बाटली त्याच्या लग्नापर्यंत जपायची हौस असेल, तर सेलरला अर्थ आहे.

माझा हिशेब सोपा आहे. कोणत्याही एका वेळी तुमच्या घरात सहा महिन्यांहून जास्त काळ राहणाऱ्या बाटल्यांची किंमत करा. ती यंत्राच्या किमतीपेक्षा कमी भरत असेल तर यंत्र घेऊ नका, त्या पैशांच्या चांगल्या बाटल्या घ्या आणि वेळेत प्या. महिन्याला दोन बाटल्या आणून त्याच महिन्यात संपवणाऱ्या घराला आतल्या भिंतीला लागून असलेल्या, पश्चिमेचं ऊन न लागणाऱ्या कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा ऑक्टोबर ते फेब्रुवारी पुरतो, आणि उन्हाळ्यात फ्रिज आहेच.

झोपायच्या खोलीत रात्री एसी असतो, तिथे ठेवली तर? रात्री २४, दिवसभर ३५. वर सांगितलेली ये-जा हीच. त्यापेक्षा दिवसभर एकसारखं राहणारं बंद कपाट बरं.

कॉम्प्रेसर की थर्मोइलेक्ट्रिक?

सेलर दोन पद्धतींनी थंड होतं, आणि निवडीत सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

पहिली पद्धत आपल्या फ्रिजची. कॉम्प्रेसर वायू दाबतो, तो बाहेरच्या जाळीत उष्णता सोडून द्रव होतो, आत जाऊन पुन्हा वायू होताना आतली उष्णता शोषून घेतो. बाहेर कितीही तापलं तरी, आपल्या क्षमतेच्या मर्यादेत, हे चक्र आतलं तापमान ठरलेल्या आकड्यावर आणून ठेवतं. बाहेर जास्त गरम असेल तर कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, इतकंच.

दुसरी पद्धत थर्मोइलेक्ट्रिक. १८३४ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ज्याँ पेल्तिए यांच्या लक्षात आलं की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज गेली की सांधा थंड किंवा गरम होतो. आज त्याच तत्त्वावर सेमीकंडक्टरची छोटी चकती बनवतात: एक बाजू थंड, एक गरम. गरम बाजूची उष्णता पंखा बाहेर फेकतो. कॉम्प्रेसर नाही, म्हणून कंपन नाही, आवाज फार कमी, किंमत कमी. जाहिरातीत हे सगळं खरंच लिहिलेलं असतं.

जे लिहिलेलं नसतं ते हे. ही चकती आतलं तापमान बाहेरच्या तापमानाहून साधारण १० ते १२ अंशच खाली नेऊ शकते. अंतर वाढू लागलं की तिची ताकद ओसरते. या बाबतीत ती माठासारखी आहे: माठातलं पाणी हवेपेक्षा गार होतं, पण हवा तापली की तेही तापतं, ठरावीक आकडा माठ राखू शकत नाही. मुंबईत खोली ३१ अंशांवर असेल तर हे कपाट आत २० च्या आसपास पोचेल. नागपुरात बंद घरात दुपारी ३८ असेल तर आत २६. दारावर १२ चा आकडा लावून ठेवला तरी आत १२ होणार नाही, आणि तो आकडा गाठायच्या नादात चकती आणि पंखा अखंड चालत राहतील. विजेच्या हिशेबातही ही पद्धत कॉम्प्रेसरपेक्षा मागे आहे: तेवढीच थंडी द्यायला ती बरीच जास्त वीज घेते.

ही यंत्रं युरोपातल्या २०-२२ अंशांच्या दिवाणखान्यासाठी ठीक आहेत. महाबळेश्वर-पाचगणीच्या घरात किंवा लंडन-टोरांटोत राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडेही ती चालतील. उरलेल्या महाराष्ट्रात आणि गोव्यात थर्मोइलेक्ट्रिक सेलर घेऊ नका. २४ तास एसी चालणारी खोली असेल तर अपवाद.

'पण कॉम्प्रेसरच्या कंपनाने वाईन बिघडते ना?' हा आक्षेप नेहमी येतो. सेलरमधला कॉम्प्रेसर रबरी पायांवर बसवलेला असतो, कंपन फळ्यांपर्यंत फारसं पोचत नाही. जुन्या रेड वाईनचा तळाशी बसलेला गाळ ढवळला जाऊ नये, ही काळजी वीस-तीस वर्षांच्या बाटल्या सांभाळणाऱ्याने करावी. उष्णतेने होणारं नुकसान यापेक्षा कितीतरी मोठं आणि खात्रीचं आहे. आवाजाचं म्हणाल तर माहितीपत्रकात डेसिबलचा आकडा असतो. ४० किंवा त्याहून कमी असेल तर हॉलमध्ये त्रास होत नाही.

पाठीमागचं छोटं लेबल

कॉम्प्रेसरचं यंत्र निवडलं म्हणजे काम झालं, असं नाही. प्रत्येक यंत्राच्या मागे किंवा आतल्या भिंतीवर एक पट्टी असते, तिच्यावर 'क्लायमेट क्लास' लिहिलेला असतो. आजूबाजूच्या किती अंशांपर्यंत हे यंत्र नीट काम करेल, हे तो सांगतो. एसएन म्हणजे १० ते ३२ अंश, एन म्हणजे १६ ते ३२, एसटी म्हणजे १६ ते ३८ आणि टी म्हणजे १६ ते ४३.

हे आकडे खोलीतल्या तापमानाचे आहेत, वेधशाळेच्या नव्हेत. तरी आपल्यासाठी उत्तर उघड आहे. एन वर्गाचं यंत्र मुंबईच्या मे महिन्यातच काठावर येतं. कोकण, गोवा, मुंबई, पुणे इथे निदान एसटी हवा. मराठवाडा, खानदेश, विदर्भ इथे टी वर्गाखाली उतरू नका. चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बाहेरच्या गॅलरीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं टी वर्गाचं यंत्रही हात टेकेल, त्यामुळे ते घराच्या आतल्या, सर्वांत गार खोलीतच ठेवायचं.

याच पट्टीवर किंवा सोबतच्या कागदावर वर्षाच्या विजेचा अंदाज असतो. युरोपीय पद्धतीने मोजलेला हा आकडा बाहेर साधारण २५ अंश आणि आत १२ अंश धरून काढलेला असतो. आपल्या उन्हाळ्यात बाहेर ३५ असेल तर अंतर १३ अंशांऐवजी २३ होतं, आणि बिलही त्या प्रमाणात वाढतं. आकडा वाचताना एवढं लक्षात ठेवलं की नंतर फसवल्यासारखं वाटत नाही.

एक कप्पा की दोन?

ड्युअल झोन म्हणजे एकाच कपाटात वेगवेगळ्या तापमानाचे दोन कप्पे: वर व्हाईटसाठी ८, खाली रेडसाठी १६, असं काहीतरी. दिसायला आकर्षक, किमतीला जास्त.

इथे ठेवण्याचं तापमान आणि पिण्याचं तापमान यांची गल्लत होते. ठेवायला रेड, व्हाईट, रोझे, स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) सगळ्यांना १२-१३ अंश चालतात. पिताना मात्र स्पार्कलिंग ६ ते ८ अंशांवर, व्हाईट ८ ते १२ वर आणि रेड १६ ते १८ वर चांगली लागते. साठवण हा हेतू असेल तर एका कप्प्याचं यंत्र पुरेसं आहे आणि त्यात बिघडण्याजोगे भागही कमी. व्हाईट प्यायच्या आधी तासभर फ्रिजमध्ये ठेवायची, रेड अर्धा तास आधी बाहेर काढायची. नागपूरच्या उन्हाळ्यात दहा मिनिटंही पुरतात. 'रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला जुन्या युरोपीय घरांतल्या १६-१८ अंशांच्या खोल्यांचा आहे, आपल्या ३२ अंशांच्या हॉलचा नव्हे.

घरी सतत पाहुणे असतात आणि दोन्ही प्रकार केव्हाही लागतात, असं असेल तरच दोन कप्प्यांचा खर्च करा.

लिहिलेल्या बाटल्या आणि मावणाऱ्या बाटल्या

'४६ बाटल्या' असं लिहिलेलं असतं ते सरळ खांद्याच्या, बारीक, बोर्दो घडणीच्या बाटल्या धरून. उतरत्या खांद्याची बरगंडी घडणीची बाटली किंवा स्पार्कलिंगची जाड काचेची बाटली बरीच रुंद असते. अशा बाटल्या मिसळल्या की क्षमता पाचव्या हिश्शाने, कधी चौथ्या हिश्शाने घटते आणि वरची फळी अडते. फळी उंचीला सरकवता येते का, पूर्ण बाहेर ओढता येते का, हे दुकानात हाताने करून पाहा. स्पार्कलिंगची एक रिकामी बाटली सोबत नेली तर आणखी उत्तम.

भरलेली बाटली सव्वा किलोची. पन्नास बाटल्यांचं ओझं साठ किलोंच्या पुढे, वर यंत्राचं स्वतःचं. म्हणून ते जमिनीवरच हवं, माळ्यावर किंवा भिंतीतल्या फळीवर नको.

बाटल्या आडव्या ठेवायच्या त्या लाकडी बूच आतून ओलं राहावं म्हणून. आपल्याकडच्या रोजच्या बऱ्याचशा वाईनना आता फिरकीचं झाकण असतं, त्या उभ्या ठेवल्या तरी काही बिघडत नाही. अशा बाटल्यांसाठी यंत्रात आडवी जागा अडवायची गरज नाही.

कुठे बसवायचं?

सुतार फर्निचर बनवत असताना सेलरचं माप विचारतो आणि नेमकं तिथेच घोळ होतो. काही यंत्रं उष्णता मागून आणि बाजूने सोडतात, ती मोकळी ठेवायची असतात. काही यंत्रं खालच्या जाळीतून पुढे सोडतात, तीच कपाटात किंवा ओट्याखाली बसवता येतात. मागून उष्णता सोडणारं यंत्र प्लायवूडच्या खणात कोंडलं तर ते स्वतःच्याच उष्णतेत तापतं, कॉम्प्रेसर थांबत नाही आणि लवकर मरतो. माहितीपत्रकात 'बिल्ट-इन' असा शब्द स्पष्ट नसेल तर ते मोकळं ठेवायचं यंत्र समजा आणि मागे-बाजूला चार बोटं जागा सोडा.

गॅसच्या शेगडीशेजारी, ओव्हनला लागून, पश्चिमेच्या भिंतीवर नको. काचेचं दार दुहेरी किंवा तिहेरी काचेचं आणि गडद असावं. भरीव दार मिळालं तर मी तेच घेईन, बाटल्या दिसल्या नाहीत तरी चालेल. घरात लहान मुलं असतील तर कुलूप हवंच.

शेकडो बाटल्यांसाठी खोलीच करायची असेल तर घरचा एसी कामाचा नाही, तो १६ अंशांच्या खाली जात नाही. त्यासाठी भिंतींना आणि छताला पफचं, म्हणजे कडक फोमचं, इन्सुलेशन, उबेच्या बाजूने बाष्परोधक थर आणि सेलरसाठीचं वेगळं कूलिंग युनिट लागतं. बाष्परोधक थर विसरला तर दोन पावसाळ्यांत भिंतीला बुरशी धरते.

वीज गेली तर?

घाबरायचं कारण नाही. भरलेल्या बाटल्या हाच थंडीचा साठा असतो. इन्सुलेशन चांगलं असेल आणि दार बंद ठेवलं तर भरलेल्या सेलरचं तापमान तासाला साधारण एखाद्या अंशानेच चढतं. दोन-तीन तासांचं लोडशेडिंग बाटल्यांना जाणवत नाही. रिकामं सेलर मात्र पटकन तापतं. बाटल्या कमी असतील तर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा.

खरा धोका वीज परत येताना होणाऱ्या चढ-उताराचा. खेड्यात किंवा शहराच्या कडेला राहत असाल तर स्टॅबिलायझर लावा. आणि वीज गेल्यावर ठरवलेला आकडा यंत्र लक्षात ठेवतं का, हे घेताना विचारा. काही यंत्रं वीज आल्यावर पुन्हा कारखान्याच्या आकड्यावर जातात, काही बटण दाबेपर्यंत सुरूच होत नाहीत. तुम्ही गावाला गेलेला असताना असं झालं तर आठवडाभर कोणाला कळत नाही.

पावसाळ्यातला दमटपणा

पुस्तकी उत्तर ६० ते ७० टक्के आर्द्रतेचं. काही जाणकार म्हणतात की आडव्या बाटलीत बूच आतून भिजलेलंच असतं, बाहेरच्या हवेचा एवढा बाऊ कशाला? त्यात तथ्य आहे, काही वर्षांसाठी ठेवणाऱ्याने आर्द्रतेच्या आकड्यामागे धावू नये. मुंबई-कोकणात अडचण उलटी असते: जुलैत दारावर पाणी धरतं, लेबलांवर बुरशी येते. म्हणून पाणी जमणारा ट्रे काढून धुता येतो का ते पाहा आणि दाराचं रबर महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आत वाटीभर पाणी ठेवलं की पुरतं.

परवान्याचा प्रश्न

महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अजूनही लागू आहे. राज्य उत्पादन शुल्क विभाग एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे परवाने देतो. साठ्यालाही मर्यादा असते, म्हणून यंत्राची क्षमता ठरवताना ती मर्यादा विभागाकडून आधी विचारून घ्या. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. गोव्यातून बाटल्या आणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथल्या दुकानाची पावती म्हणजे महाराष्ट्रात आणायची परवानगी नव्हे.

यंत्र घरी आल्यावर

वाहतुकीत ते आडवं झालेलं असू शकतं, म्हणून दिवसभर उभं ठेवून मगच प्लग लावा, कॉम्प्रेसरमधलं तेल खाली बसू द्या. तुमच्या गावात या कंपनीचा तंत्रज्ञ येतो का, हे पैसे देण्याआधीच विचारलेलं असावं. आयात यंत्राचा एक थर्मोस्टॅट मिळायला लागणारे दोन महिने एप्रिल-मेचे निघाले तर सगळं मुसळ केरात.

मग पाण्याने भरलेली एक बाटली मधल्या फळीवर ठेवून दुसऱ्या दिवशी तिच्यात साधा थर्मामीटर बुडवून पाहा. दारावरचा आकडा आतल्या हवेचा असतो, आपल्याला पाण्याचा हवा. वरच्या आणि खालच्या फळीत एक-दोन अंशांचा फरक असणं साहजिक आहे, जास्त काळ ठेवायच्या बाटल्या खाली ठेवा. हीच चाचणी मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी चार वाजता पुन्हा करा. पाणी १५ च्या वर गेलेलं दिसलं तर वॉरंटीच्या काळातच तक्रार नोंदवा.

आणि सेलरमध्ये काय जातंय, तेही तपासून घ्या. दुकानात उन्हाच्या काचेमागे किंवा ट्यूबलाइटखाली महिनोन्‌महिने उभी असलेली बाटली घेऊ नका. बूच वर आलेलं असेल, गळ्याशी चिकट ओघळ असेल, वाईनची पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली असेल तर ती आधीच शिजलेली असण्याची शक्यता मोठी. वाईनरीतून थेट आणत असाल तर हिवाळ्यात आणा. उन्हाळ्यात आणावीच लागली तर पहाटे निघा आणि बाटल्या डिकीत नको, एसी चालू असलेल्या गाडीत मागच्या सीटखाली ठेवा.